वाचकांचे प्रश्न : काळा पाषाण, गाळाचे थर आणि ट्रायलोबाइट

गेल्या अंकात हिमालयातील स्पिती भागातल्या कँब्रियन काळच्या, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या, खडकांवर आणि त्यांत जीवाश्मांच्या रूपाने मिळणाऱ्या ट्रायलोबाइट या नामशेष सागरी जीवांवर लेख आला होता. तो वाचून धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे न देता केवळ गाव आणि व्यवसाय दिला आहे.

आमची शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगरउतारावर एकावर एक थर स्पष्ट दिसतात. नववीच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे ट्रायलोबाइट शोधायला जाण्याचा विचार आहे. नेमके कोठे शोधावे?
— शिक्षिका, चोपडा

सहल अवश्य काढावी. मात्र ट्रायलोबाइट मिळतील अशी आशा मुलांना लावू नये. खानदेशात ते मिळणार नाहीत, आणि का मिळणार नाहीत हे समजून घेणे हाच त्या सहलीचा उत्तम विषय होऊ शकेल.

डोंगरात थर दिसले म्हणजे तो गाळाचा खडक असतोच असे नाही. सातपुड्यात काय किंवा दक्षिणेकडील सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत काय, पायऱ्यांसारखे जे थर दिसतात ते लाव्हाचे आहेत. भूपृष्ठाला पडलेल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा लाव्हा वाहिला. हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास घडले. ट्रायलोबाइट त्याआधीच, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस झालेल्या महासंहारात कायमचे नाहीसे झाले होते. म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा पहिला लाव्हा वाहिला तेव्हा शेवटचा ट्रायलोबाइट मरून अठरा कोटींहून अधिक वर्षे लोटली होती. शिवाय हजार अंशांहून तप्त असलेल्या लाव्हात जीवाश्म टिकण्याचा प्रश्नच येत नाही. जीवाश्म व्हायचा तर शरीर कुजण्याआधी गाळात लवकर गाडले जावे लागते.

मग महाराष्ट्रात इतरत्र तरी ते मिळतील का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. आपल्या राज्यात गाळाचे खडक आहेत, पण काळाचा मेळ बसत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडील पैनगंगा खोऱ्यातला चुनखडक आणि कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडील कलादगी गटाचे खडक ट्रायलोबाइटांच्या कितीतरी आधीचे आहेत. चंद्रपूर-नागपूरकडचे कोळशाचे थर ट्रायलोबाइटांच्या अखेरच्या पर्वातले असले, तरी ते नद्यांच्या आणि दलदलींच्या गाळातून झालेले आहेत आणि ट्रायलोबाइट तर केवळ समुद्रात राहत. या दोहोंच्या मधल्या कोट्यवधी वर्षांचे पानच आपल्याकडे नाही, कारण त्या काळात येथील भूमी बहुतांशी समुद्राबाहेर होती आणि तेथे गाळ साचण्याऐवजी झीजच होत राहिली.

समुद्री जीवाश्मच पाहायचे असतील, तर त्यांतले आपल्याला सर्वांत जवळचे ठिकाण सातपुडा ओलांडून नर्मदेच्या पलीकडे, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात बाघ गावाच्या परिसरात आहे. साधारण नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या गाळातून झालेल्या चुनखडकात समुद्रसाळ्या, शिंपले, अमोनाइट हे गुंडाळलेल्या शंखाचे सागरी प्राणी आणि शार्कचे दात मिळतात. ट्रायलोबाइट मात्र तेथेही नाहीत, कारण तो समुद्र आला तोवर ते उरलेच नव्हते.

सहलीसाठी मी आपल्याला डोंगराऐवजी नदी सुचवेन. तापीच्या दोन्ही बाजूंना गाळाचा जाड साठा आहे आणि घळींनी तो उभा कापला आहे. अशा एखाद्या उभ्या कापापुढे मुलांना सुरक्षित अंतरावर बसवावे आणि खालून वर चित्र काढायला सांगावे : तळाशी गोटे, त्यावर वाळू, वाळूत तिरप्या रेघा, मग पिवळसर पोयटा आणि त्यात चुनखडीचे पांढरे गोळे. वाळूतील तिरप्या रेघा ज्या बाजूला उतरतात त्या बाजूला त्या वेळचे पाणी वाहत होते. ही एक गोष्ट मुलांनी आपल्या डोळ्यांनी ओळखली, तर पन्नास कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म वाचण्याची किल्ली त्यांच्या हाती आली असे समजावे, कारण पाणी आणि वाळू तेव्हाही याच रीतीने वागत होती. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच या दरडी ढासळतात, म्हणून हिवाळ्यात जावे आणि काठाखाली कोणालाही जाऊ देऊ नये.

विहीर खोदताना मुरमात डोक्याएवढे गोल दगड लागले. वरून पापुद्रे सुटत जातात आणि आत घट्ट काळा गाभा राहतो. गावात सगळे म्हणतात की ही डायनोसॉरची अंडी आहेत. दगडांबरोबर पांढरे चमकदार स्फटिकही मिळाले.
— शेतकरी, जामनेर तालुका

आपण पाठवलेल्या छायाचित्रांवरून हे दगड बेसाल्टचेच, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचेच, आहेत. पाषाण थंड होताना त्याला उभ्या-आडव्या भेगा पडतात आणि त्याचे ठोकळे होतात. भेगांतून पाणी झिरपते. ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर ते तीन बाजूंनी काम करते, कडांवर दोन बाजूंनी आणि सपाट बाजूंवर एकाच बाजूने. त्यामुळे कोपरे आधी कुजतात, ठोकळा गोल होत जातो आणि कुजलेला भाग पापुद्र्यांनी सुटतो. मुरूम म्हणतो तो याच कुजण्यातून होतो.

खऱ्या अंड्याची ओळख वेगळी आहे. त्याला एकच कवच असते, ते साधारण एक-दोन मिलिमीटर जाडीचे असते आणि भिंगाखाली त्यावर बारीक उंचवटे व छिद्रे दिसतात. मध्य भारतातील अशी अंडी लाव्हाच्या खालच्या लामेटा नावाच्या चुनखडीयुक्त गाळात मिळतात, मुरमात नव्हे. स्फटिकांविषयी मात्र आपण सुदैवी आहात. ते झिओलाइट गटातील असावेत. लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी शिरून ते वाढतात आणि जळगाव जिल्ह्यातील दगडखाणींचे असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. ते फोडू नयेत, आणि कोठल्या खोलीवर मिळाले ते लिहून ठेवावे.

महाविद्यालयाच्या गटाबरोबर मी या उन्हाळ्यात स्पितीला जाणार आहे. ट्रायलोबाइट असलेल्या थरांवर प्रत्यक्ष काम कसे करतात? हातोडा घेऊन दगड फोडत जायचे, एवढेच मला ठाऊक आहे.
— भूगोलाचा विद्यार्थी, धुळे

हातोडा सर्वांत शेवटी काढायचा असतो. आपण जाल त्या पिन नदीच्या उपखोऱ्यात, पाराहिओ नदीच्या काठी, कँब्रियन काळचे शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक), वालुकाश्म आणि अधूनमधून चुनखडकाचे पट्टे असे हजार मीटरहून अधिक जाडीचे थर उघडे पडले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेडन यांनी तेथून जीवाश्म गोळा केले आणि १९१० मध्ये रीड यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या संग्रहाचा उपयोग शंभर वर्षांनंतरही होतो, पण त्यातील प्रत्येक नमुना नेमका कोणत्या थरातला होता हे ठरवण्यासाठी पुढच्या अभ्यासकांना पुन्हा तेथे जाऊन थर मोजावे लागले. थरापासून सुटलेला जीवाश्म निम्मा मुका होतो, हे आपण आरंभीच मनात धरावे.

पहिले काम म्हणजे थर कोणत्या दिशेला आणि किती अंशांनी कललेले आहेत, हे होकायंत्र आणि कलमापकाने मोजणे. त्यानंतर वरची बाजू कोणती, हे ठरवणे. खालचा थर जुना आणि वरचा नवा हा नियम स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडला. परंतु हिमालयात थर दुमडून उलटेही झालेले असतात, त्यामुळे आज जो वर दिसतो तो तयार होतानाही वरच होता का, हे खडकालाच विचारावे लागते. पाण्याच्या लहरींच्या खुणांचे टोकदार माथे वरच्या बाजूला असतात. चिखलाला पडलेल्या भेगा वरून खाली निमुळत्या होतात. एकाच थरात जाड कण तळाशी आणि बारीक कण वर असतात. या तीन खुणा पाहण्याची सवय लागली की काम सोपे होते.

मग थराच्या पृष्ठाला काटकोनात जाडी मोजत, तळापासून वर, प्रत्येक थराची नोंद करावी : रंग, कणांचा आकार, जाडी, खुणा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने फसफसतो की नाही. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण यातच कित्येक गोष्टी लक्षात येतात. वालुकाश्मात काही नाही आणि त्यावरच्या हातभर शेलमध्ये तुकडेच तुकडे, असे पुन्हा पुन्हा दिसू लागले, म्हणजे हे जीव कोणत्या तळावर राहत किंवा निदान कोठे गाडले जात, याचा अंदाज येतो.

आता फोडण्याविषयी. शेलचा तुकडा कडेवर उभा धरून छिन्नी पापुद्र्यांच्या रेषेत लावावी आणि हलके ठोके द्यावेत. पापुद्रा उघडला की बहुधा अख्खा प्राणी दिसत नाही. मधोमध फुगीर आणि दोन्ही बाजूंना आडव्या खाचा असलेला नखाएवढा उंचवटा दिसतो. तो डोक्याच्या ढालीचा मधला भाग. किंवा अर्धवर्तुळाकार, बरगड्यांसारख्या रेघांचा तुकडा दिसतो; ती शेपटाची ढाल. याचे कारण असे की ट्रायलोबाइट वाढताना वेळोवेळी कात टाकीत. डोक्यावरच्या ठराविक शिवणी उसवून गालांचे भाग सुटे होत आणि प्राणी बाहेर पडे. एकच प्राणी आयुष्यात अशा अनेक काती मागे ठेवीत असे, म्हणून आपल्या हाती येणारे पुष्कळसे तुकडे मृतदेहांचे नसून टाकलेल्या काती आहेत. अख्खे नमुनेही मिळतात आणि काही जातींचे तर वाणी किड्याप्रमाणे अंग गुंडाळून घेतलेले मिळतात. अशा वेळी गाळाचा लोंढा अचानक आला असावा असे अनुमान करता येते.

पापुद्रा उघडल्यावर एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला त्याचाच खोलगट ठसा असतो. दोन्ही जपावेत, दोघांना एकच क्रमांक द्यावा, दगडावर वरच्या दिशेचा बाण काढावा आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळावा. क्रमांक वहीत त्याच क्षणी लिहावा. संध्याकाळी तंबूत आठवून लिहू असे म्हणू नये.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. हिमालय उभा राहताना हे खडक दाबले आणि ताणले गेले, त्यामुळे त्यांतील जीवाश्मही वाकडेतिकडे झाले आहेत. एकाच फरशीवर एका दिशेला असलेला नमुना लांबट आणि त्याला आडवा असलेला नमुना रुंद दिसतो, तर तिरपा असलेला एका अंगाला झुकलेला दिसतो. तिन्ही एकाच जातीचे असू शकतात. अशा विकृतीमुळे एकाच जातीला अनेक नावे पडण्याचा धोका असतो. म्हणून फरशी उचलण्यापूर्वी सर्व नमुन्यांची दिशा दिसेल असे, बाजूला मोजपट्टी ठेवून, छायाचित्र घ्यावे.

शक्य झाल्यास कँब्रियन थरांच्या माथ्यावर चढून पाहावे. तेथे कललेल्या थरांना तिरके कापून त्यानंतरच्या ऑर्डोव्हिसियन काळचे लालसर, गोटेमिश्रित खडक बसलेले आहेत. खालचे थर आधी गाळ म्हणून साचले, मग कलले, वर आले, झिजले आणि त्यानंतर त्यांवर नवा गाळ पडला, एवढा सारा इतिहास त्या एका रेषेत आहे. पिन खोऱ्याचा काही भाग राष्ट्रीय उद्यानात येतो. तेथे परवानगीशिवाय एक खडाही उचलू नये. आपल्या गटप्रमुखांनी वन विभागाची परवानगी घेतली आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

थर ५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, असे इतक्या खात्रीने कसे सांगतात? ट्रायलोबाइटवरून थराचे वय आणि थरावरून ट्रायलोबाइटचे वय, असे हे चक्राकार तर्कट नाही ना?
— निवृत्त अभियंता, भुसावळ

शंका रास्त आहे आणि भूविज्ञानाने ती स्वतःलाही विचारलेली आहे. जीवाश्मांवरून प्रथम केवळ क्रम ठरतो. कोणत्या जाती खाली, कोणत्या वर, हा क्रम निरनिराळ्या देशांत स्वतंत्रपणे मोजला तरी तोच येतो. उदाहरणार्थ, रेडलिचिया ही ट्रायलोबाइटची प्रजाती आणि तिचे निकटचे सोबती भारत, चीन आणि ऑस्ट्रेलियात कँब्रियनच्या जुन्या भागातच मिळतात, वर मिळत नाहीत. वर्षांचा आकडा मात्र जीवाश्म देत नाही. तो थरांच्या मध्ये आलेल्या ज्वालामुखीच्या राखेतून मिळतो. राखेत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांत युरेनियम असते आणि त्याचे ठराविक गतीने शिसे होत जाते. युरेनियम-२३८ निम्मे होण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. दोहोंचे प्रमाण मोजले की स्फटिकाचे वय निघते. त्यात ट्रायलोबाइटचा काहीच संबंध येत नाही, म्हणून हे चक्र नाही.

दोन्ही पुरावे जुळले नाहीत तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या विंध्य खडकांतच आहे. १९९८ मध्ये त्यांच्या खालच्या भागातून कँब्रियन काळच्या वाटाव्यात अशा सूक्ष्म कवचांची नोंद झाली, आणि त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच खडकांत शंभर कोटी वर्षांहून जुन्या कृमींची बिळे असल्याचे मांडले. दोन्ही दावे एकत्र खरे असणे शक्य नव्हते. २००२ मध्ये तेथील राखेच्या थरांतील झिरकॉनने सुमारे १६० कोटी वर्षे असा आकडा दिला. कँब्रियन वयाचा दावा त्यामुळे मागे पडला, आणि ती बिळे खरोखर प्राण्यांचीच का, ही शंका अधिक गडद झाली. आकड्याने मत बदलायला लावणे हेच या शास्त्राचे बळ आहे, असे मला वाटते.

आजोबांच्या देवघरात शाळिग्राम आहे. त्यावर चक्रासारखा ठसा आहे. तो ट्रायलोबाइट आहे का? खात्रीसाठी फोडून पाहावा का?
— गृहिणी, शिरपूर

फोडू नये. चक्राकार ठसा असलेला शाळिग्राम बहुतेक वेळा अमोनाइट या गुंडाळलेल्या शंखाच्या सागरी प्राण्याचा असतो. नेपाळातील काळी गंडकीच्या खोऱ्यातील ज्युरासिक काळच्या काळ्या शेलमधून हे गोळे सुटून नदीत येतात, आणि तशाच शेलचे थर स्पितीतही आहेत. ट्रायलोबाइटच्या अंगावर चक्र नसते. उभे तीन भाग आणि आडवे खंड असतात. आपल्या घरातील वस्तू पूजेतही राहू शकते आणि शास्त्राच्या दृष्टीनेही मोलाची आहे. तिला तेल न लावता कोरडी ठेवली तर ठसा जास्त काळ स्पष्ट राहील.

ऑनलाइन विक्रेत्याकडून मोरोक्कोचा ट्रायलोबाइट घेतला. काटे अगदी सुबक आहेत. खरा आहे हे कसे ओळखावे?
— व्यापारी, जळगाव

मोरोक्कोतून खरे नमुने पुष्कळ येतात आणि बनावटही तितकेच येतात. दहापट भिंगातून पाहावे. पृष्ठभागात सुईच्या टोकाएवढी गोल छिद्रे दिसली, तर ती बहुधा राळेतील हवेचे बुडबुडे असतात. जीवाश्म आणि भोवतीचा दगड यांच्या सीमेवर रंग व पोत बदलायला हवा. सगळीकडे एकच रंग असेल तर संशय घ्यावा. खरे नमुने बहुधा दगड दोन तुकड्यांत फुटल्यावर सापडतात आणि मग जोडले जातात, म्हणून दगडातून निघून जीवाश्माला आरपार कापत जाणारी सांध्याची रेघ दिसणे ही उलट चांगली खूण आहे. पाय दिसत असतील तर नमुना जवळजवळ नक्कीच बनावट आहे, कारण पाय फारच थोड्या ठिकाणी टिकले आहेत. नमुना खरा निघाला तरी तो कोणत्या थरातला हे विक्रेत्याने लिहून दिले नसेल, तर अभ्यासाच्या दृष्टीने त्याचे मोल कमीच राहते, हे मी आपल्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

ट्रायलोबाइटला डोळे होते का? ते काय खात?
— इयत्ता आठवी, अमळनेर

तुझा प्रश्न फार चांगला आहे. डोळे होते, आणि त्यांची भिंगे कॅल्साइट या खनिजाची होती. म्हणूनच ती कोट्यवधी वर्षे टिकली. काहींच्या एकेका डोळ्यात हजारो बारीक भिंगे दाटीने बसवलेली असत, तर फॅकॉप्स नावाच्या ट्रायलोबाइटसारख्यांच्या डोळ्यांत कमी पण मोठी आणि सुटी सुटी भिंगे होती. कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा अक्षरांवर ठेवला तर प्रत्येक अक्षर दोनदा दिसते. आपल्याकडच्या दगडखाणींत झिओलाइटबरोबर कॅल्साइटही मिळते. स्वच्छ तुकडा मिळाला तर करून पाहा. पण स्फटिकाच्या एका ठराविक दिशेने पाहिले की अक्षर एकच दिसते, आणि ट्रायलोबाइटच्या भिंगांत ती दिशा नेमकी बाहेरच्या बाजूला असे. बरेच ट्रायलोबाइट तळावरच्या चिखलातील अन्नकण खात, काही लहान जीवांची शिकार करीत. खोल, अंधाऱ्या पाण्यात राहणाऱ्या काही जातींचे डोळे पुढे लहान होत गेले आणि काहींचे तर पूर्णपणे नाहीसे झाले.